थकलेला होकार

देवगाव फाट्यावर सेलूची बस डोळ्यांदेखत निघून गेली, तशी राजेश्री आपल्या अवजड बॅगेवरच बसली. डेहराडूनच्या सराव-शिबिरातून गाड्या बदलत आलेली ती… अंग नुसतं ठणकत होतं.

रसवंतीपाशी मोटारसायकलला टेकलेल्या तरुणानं विचारलं, "एवढं काय हाय बॅगेत?"

"गोलकीपरचे पॅड. बर्फावरची हॉकी खेळते मी."

त्यानं तापलेल्या डांबराकडं पाहिलं, मग तिच्याकडं. पण हसला नाही. तेवढंच तिला बरं वाटलं.

त्याचं नाव महारुद्र. गुरांच्या दवाखान्यात नोकरी. दिवसभर मेंढरांना लस टोचून त्याचेही खांदे गळाले होते. दोघांनी फारसं न बोलता रस घेतला. मग त्यानं सेलूकडं जाणारी जीप हात करून थांबवली, बॅग टपावर चढवून स्वतः बांधली, आणि जाता जाता विचारून घेतलं, सराव कुठं असतो…

रविवारी तो हजर. सेलूच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं सिमेंटचं अंगण, तिथं राजेश्री पोरींना चाकाच्या स्केट्सवर हॉकी शिकवायची. तो निंबाखाली बसून राहिला. पुढच्या रविवारीही आला. मग येतच राहिला.

ती त्याला शिबिरातल्या गोष्टी सांगायची. जिथं बर्फ कधी पडत नाही, अशा देशांतल्या पोरीसुद्धा आता खेळायल्यात. दरवर्षी नवे चेहरे दिसायलेत. सांगताना तिचा आवाज उजळायचा आणि अंगणाकडं नजर जाताच विझायचा. इथं एकीचं लग्न व्हायचं, दुसरी कापूस वेचायला जायची. दीपिकाला तर तिच्या बापानं घरीच बसवलं होतं.

एका रविवारी दीपिका परत आली. महारुद्र मेंढरं टोचायला त्यांच्या मेंढवाड्यावर गेला होता आणि बापाशी बराच वेळ बोलत बसला होता, हे राजेश्रीला तिच्याकडूनच कळलं. त्यानं अवाक्षर काढलं नव्हतं. त्या दिवशी राजेश्रीनं त्याच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा शिबिराचं बोलावणं आलं. मागच्या वेळी तिला सगळे सामने बाकावर बसूनच काढावे लागले होते. घरात आई, म्हाळसाबाई, स्थळांचं बोलत होती. रात्रभर डोळा न लागलेली राजेश्री भल्या सकाळी अंगणात आली तेव्हा तिला धड उभंही राहवत नव्हतं. महारुद्र एकटाच निंबाखाली होता.

"तुमी मागणी घाला," ती म्हणाली. "मी हो म्हणते. हे सगळं सोडते… लय थकले मी."

हेच ऐकायला तो कितीतरी दिवस झुरत होता. तरी तो हळूच म्हणाला, "थकून हो म्हणू नका. मला आयुष्यभर वाटत राहील, तुमी खेळ सोडायला माझ्याकडं आलात. आधी निजा. उठल्यावर सांगा. न्हाई म्हणलात तरी चालंल."

तिला राग आला. रडूही आलं. पण सावलीत टेकली, आणि तो राग मनात असतानाच डोळा लागला.

जाग आली तेव्हा ऊन अंगणभर पसरलं होतं. पोरींनी तिला उठवू नये म्हणून महारुद्र स्वतःच गोलात उभा होता… पॅड नाहीत, पायात चपला. दीपिकानं मारलेला चेंडू थेट त्याच्या नडगीवर बसला. तो कळवळला, पण आवाज केला नाही. आधी निंबाकडं पाहिलं.

ती जागी झाली होती. उठून चालत त्याच्यापाशी गेली.

"मी शिबिराला जाणार," ती म्हणाली. "बाकावर बसवलं तरी जाणार."

"बरं," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला.

"आणि हो म्हणते. हे थकून न्हाई."

पोरी बघत होत्या. सुजत चाललेली नडगी चोळत तो म्हणाला, "मंग तवर गोलात कोण?"

"तुमीच."

"मंग मला शिकव," तो म्हणाला, आणि आपण पहिल्यांदाच तिला एकेरी बोललो हे ध्यानात येऊन लाजला.