झाकण

ही गोष्ट खरी आहे. पटवून द्यायला मी बसलेली नाही. ज्यांना शंका आहे त्यांनी माझ्या मावशीचा उजवा हात बघावा. त्याची दोन बोटं आज वाकत नाहीत.

आणि हे रात्री घडलेलं नाही. रविवारची दुपार होती. खोलीत लख्ख ऊन होतं.

मावशी हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालायची. दिवसभर लोकांचे मोडलेले हातपाय सरळ धरायचे, ओल्या पट्ट्या गुंडाळायच्या, रडणाऱ्यांना दटावायचं. काका सुतार. त्यांचं कामाचं दुकान घराला लागूनच, मधे फक्त एक दार. पोटी मूल नाही. पन्नाशी उलटल्यावर मावशीच्या डोक्यात आलं, आता पियानो शिकायचा. काकांनी बरीच थट्टा केली. पण बायकोने एकदा मनावर घेतलं की घेतलं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

जुन्या सामानाच्या एका व्यापाऱ्याकडे पियानो मिळाला. चांगला, काळा, उभा. फक्त वाजवायच्या पट्ट्यांवरचं झाकण कोणीतरी काढून ठेवलेलं. स्क्रूसकट, फडक्यात गुंडाळून, मागच्या बाजूला दोरीने बांधलेलं. का काढलं, विचारलं तर व्यापारी म्हणाला, माझ्याकडे आला तेव्हा असाच होता.

काकांना उघडीनागडी वस्तू बघवत नाही. त्यांनी नव्या पितळी बिजागऱ्या आणल्या आणि झाकण झोकात बसवून दिलं. बोटाने ढकललं तरी सावकाश मिटायचं, इतकं बेताचं.

शिकवायला एक सर यायचे. वयस्कर, मऊ बोलणारे. त्यांनी अगदी पायापासून सुरुवात केली. ही पांढरी पट्टी, ही काळी. लगतच्या पट्टीवर गेलात की अर्धा सूर, एक सोडून पुढे गेलात की पूर्ण. पूर्ण, पूर्ण, अर्धा, मग पूर्ण, पूर्ण, पूर्ण, अर्धा. झाली मेजर स्केल, म्हणजे सुरांची चढती ओळ. कुठूनही सुरू करा, अंतरं तीच.

मावशीला हे फार आवडलं. हाडांसारखंच आहे की, म्हणाली. सांधा कुठे आहे ते कळलं पाहिजे.

एका संध्याकाळी ती एकटीच सराव करत होती. जी या सुरापासून स्केल वाजवायची होती. त्यात शेवटाकडे एक काळी पट्टी घ्यावी लागते. ती विसरली आणि पांढरी दाबली.

आणि मागून आवाज आला...

च्च.

जीभ टाळूला लावून करतात तसा. उजव्या खांद्यामागे, अगदी जवळ.

तिने वळून पाहिलं. कोणी नव्हतं. काका दुकानात रंधा मारत होते, तो आवाज वेगळा ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी तीच चूक झाली. या वेळी 'च्च' आलं नाही. खोली एकदम गप्प झाली. रंधासुद्धा ऐकू येईना. आणि मग...

मनगटावर सट्कन बसलं.

डोळ्यांत पाणी आलं तिच्या. कातडीवर लालभडक वळ उठला, पट्टीने मारल्यासारखा सरळ.

तुम्ही म्हणाल, त्याच क्षणी तिने पियानो घराबाहेर काढायला हवा होता. नंतर मीही तिला तेच म्हटलं. पण मावशीने तेव्हा कोणाला कळू दिलं नाही. काकांना सांगितलं, दवाखान्यात टेबलाची कड लागली. कारण उघड होतं. तिला येऊ लागलं होतं. वळ वाढत गेले, चुका कमी होत गेल्या. सर दर रविवारी चकित व्हायचे. एवढी प्रगती तरण्या पोरांची होत नाही, म्हणायचे. आणि मावशी बाह्या खाली ओढून घ्यायची.

तिला वाटलं, हा मार आपल्यापुरता आहे.

त्या रविवारी सर कॉर्ड शिकवत होते. स्केलमधला पहिला, तिसरा आणि पाचवा सूर एकत्र दाबायचा. सी, ई, जी. ते स्वतः पियानोसमोर बसले, मावशी बाजूला उभी. त्यांनी कॉर्ड वाजवली. गोड, भरलेली. मग म्हणाले, आता मी मधला सूर मुद्दाम चुकवतो, तुमच्या कानाला कळतं का बघू.

"नको सर," मावशी म्हणाली.

ते हसले. त्यांना वाटलं, बाई लाजतायत.

त्यांनी चुकीचा सूर दाबला.

खोली गप्प झाली. आणि झाकण...

झाकण पडलं नाही. ते मारलं गेलं.

सरांची बोटं आत होती. हाड मोडताना कसा आवाज येतो हे मावशीने आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. तिच्याकडे माणसं मोडून झाल्यावर यायची. तो आवाज तिने त्या दिवशी ऐकला.

सर ओरडलेही नाहीत. तोंड उघडं राहिलं, श्वासच फुटेना. झाकण आपोआप वर गेलं. पांढऱ्या पट्ट्यांवर रक्त होतं. सर हात काढून घेऊ लागले, पण हात निघेना. मनगट कोणीतरी धरून ठेवल्यासारखं तिथेच चिकटलं होतं.

मग आवाज आला. बाईचा. शांत, जराही न चिडलेला.

"पुन्हा."

झाकण दुसऱ्यांदा आलं. मावशीने मधे आपला हात घातला.

तिची किंकाळी ऐकून काका पटाशी घेऊनच धावत आले. त्यांनी फटीत पटाशी घातली आणि सगळा जोर लावला. लाकडं उचलून उचलून मजबूत झालेला माणूस. झाकण तसूभर हललं नाही. वरून कोणीतरी दाबतंय, ते धापा टाकत म्हणाले. पुढच्याच क्षणी त्यांच्या तोंडावर असा फटका बसला की ते समोरच्या भिंतीवर जाऊन आपटले. पुढचा दात पडला. ते उठले, परत आले. पुन्हा फटका. कान फाटला. तरी ते उठत होते.

आणि दाब वाढत होता. मावशीला आपली बोटं चपटी होताना कळत होती.

तेव्हा तिला सुचलं. का सुचलं ते तिलाही सांगता येत नाही. चूक सुधारल्याशिवाय ही सोडणार नाही, एवढंच डोक्यात आलं. हात तर अडकलेला, पट्ट्या झाकणाखाली. मग ती तोंडाने म्हणाली, रडत रडत, अगदी वर्गात उत्तर द्यावं तसं.

"सी. ई. जी."

काही झालं नाही.

"पहिला, तिसरा, पाचवा. सी, ई, जी."

दाब गेला.

काकांनी झाकण एका हाताने उचललं. बोटाने ढकललं तरी हलेल इतकं हलकं होतं ते.

सरांची तीन बोटं गेली. त्यांनी शिकवणं सोडलं, गावही सोडलं, पोलिसांना मात्र झाकण पडलं एवढंच सांगितलं. मावशीला तिच्याच दवाखान्यात तिच्याच हाताखालच्या मुलीने प्लास्टर घातलं. काकांनी पियानो अंगणात नेऊन कुऱ्हाडीने फोडला, तारा उपटल्या, लाकडं जाळली. तो कोणाचा होता, ती बाई कोण, शेवटपर्यंत कळलं नाही. व्यापाऱ्यालाही माहीत नव्हतं.

इथे संपलं असतं तर मी लिहायला बसले नसते.

गेल्या वर्षी मी एक छोटा कीबोर्ड घेतला. प्लास्टिकचा, कोराकरकरीत. मावशी चार दिवस राहायला आली होती. मीच म्हटलं, मला जरा सुरुवातीचं दाखव. ती आधी नको म्हणाली, मग बसली. किती छान समजावलं तिने. मी हसत खेळत वाजवत होते. एक सूर चुकला.

सट्कन माझ्या मनगटावर बसलं.

मी वळून पाहिलं. मावशीचा चेहरा पांढराफटक पडला होता. डाव्या हाताने तिने आपलाच उजवा हात घट्ट दाबून धरला होता, आणि तो हिसके देत होता.

"मी नाही मारलं गं," ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी ती आपल्या घरी परतली. कीबोर्ड मी कोणाला तरी देऊन टाकला.

ती अजून दर रविवारी फोन करते. तब्येत, काकांचं काम, सगळं नेहमीचं. शेवटी विचारते, सराव चालू आहे ना? मी हो म्हणते. उगाच तिला वाईट वाटायला नको.

परवाही तसंच हो म्हटलं.

पलीकडे बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. श्वाससुद्धा नाही. आणि मग, शांत, जराही न चिडता...

"खोटं बोलू नकोस."

तेव्हा फोनवर मावशीच होती का, हे काकांना विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.