दोघांनाही पुरलेली जमीन

दोन्ही व्याही एकाच टेबलाशी बसून चहा पीत होते, याचंच मामांना अप्रूप वाटत होतं. पणजोबांच्या काळापासून दोन इस्टेटींच्या मधल्या पट्टीवरून कोर्टकचेऱ्या चालल्या होत्या. कुणी पेरत नव्हतं, गवत मात्र मजेत वाढत होतं. आता इकडची मुलगी तिकडच्या मुलाला द्यायचं ठरलं. फक्त लग्नाआधी हद्द ठरायला हवी, असा दोघांचाही हट्ट होता. मामा पडले मोजणीदार, त्यामुळे काम त्यांच्याच गळ्यात आलं.

दोघांच्या दाव्याइतकी जमीन तिथे नव्हतीच. पण भाचीचं लग्न मोडलेलं मामांना बघवलं नसतं. माप जास्त भरावं म्हणून त्यांनी इकडून मोजताना मोजणीची साखळी सैल सोडली आणि तिकडून मोजतानाही सैल सोडली. माप दोन्हीकडे पुरं भरलं.

"उगाच भांडलो हो इतकी वर्षं," मुलाचे वडील म्हणाले. "दोघांनाही पुरली की!" व्याही एकमेकांच्या गळ्यात पडले.

मामांचं मन मात्र त्यांना खात राहिलं. लग्नाच्या दिवशी सकाळीच त्यांनी साखळी चांगली ताणून पुन्हा मोजलं. तरीही जमीन पुरली. त्यांना क्षणभर घाम फुटला, मग हसूच आलं. जमिनीलाही पोरीची दया आली म्हणायची.

लग्न धूमधडाक्यात झालं. नवरा आणि सासूबाई रस्त्याने गाडीतून पुढे गेले.

"मामा, मला गाडीबिडी नको," भाची म्हणाली. "मी पट्टीवरून चालत जाणार. दोन्ही घरं जोडणारं पहिलं पाऊल माझं पडू दे."

मामांचा ऊर भरून आला. "जा, बाळ," ते म्हणाले.

ती गवतात उतरली तशा दोन्हीकडून टाळ्या वाजल्या. तिने वळून हात हलवला आणि पुढे चालू लागली.

वाजंत्री वाजत राहिली.

"पोचली का रे?" भाचीच्या आईने विचारलं.

मामांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

पलीकडे सासूबाई हात पसरून उभ्या होत्या. इतक्या जवळ, की त्यांच्या बांगड्यांवरची नक्षीसुद्धा दिसत होती.

त्यांच्या अलीकडे, गवतात, भाची बोटाएवढी दिसत होती. ती अजून चालत होती, आणि खुशीत हात हलवत होती.