पाच तारखेची नोंद

“काम माझं, पण पाप माझं नाही!” प्रोग्रामर बाईने कागद टेबलावर आपटला.

गुप्तहेर ताईने तो उचलला. तिच्या हाताखाली काम करणारा धाकटा भाऊ मान वाकवून पाहू लागला. आठ तारखेला कारखान्यातल्या पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली बाईच्या दिराची दोन बोटं गेली होती. प्रेसचा प्रोग्राम बाईचाच. घरात कुणी तिच्याशी बोलत नव्हते, आणि उद्या नोकरीही जाणार होती.

“आमचे साहेब म्हणतात, हात दिसला की प्रेस थांबवायची सोय त्यांनी पाचला घातली आणि सातला माझ्या बदलाने ती बिघडली. धादांत खोटं! ती सोय मीच दोनदा मागितली, तर म्हणाले, वेळ नाही.”

कागदावर प्रोग्राममधल्या बदलांची यादी होती. पाच, साहेब. सात, बाई. नऊ, पुन्हा बाई: ‘अपघातानंतर प्रेस बंद’. प्रत्येक ओळीत नोंदीचा क्रमांक, शेजारी ती ज्या आधीच्या नोंदीवर रचली तिचा क्रमांक.

“तारखा तर साहेबांच्या बाजूने आहेत,” भाऊ पुटपुटला. बाईने त्याच्याकडे डोळे वटारले.

बाईला घेऊन दोघे कारखान्यात गेले. ताईने आधी प्रोग्रामची चाचणी करणाऱ्याला गाठले. “नोंदीवर तारीख कोण घालतं?”

“ज्याचा संगणक, त्याचं घड्याळ.”

“आणि क्रमांक?”

“तो आतल्या मजकुरावरून आपोआप निघतो. आधीपासून कुणालाच माहीत नसतो.”

साहेब खुर्चीतून उठलेही नाहीत. “पाच आधी की सात आधी, एवढं तरी कळतं ना?”

भावाचे डोके तापले. ताईचे त्याहून जास्त.

“कळतं. तुमची नोंद कशावर रचलीय? चार-ब-सात. हा क्रमांक कोणाचा? बाईंच्या नऊ तारखेच्या नोंदीचा!”

“म्हणजे लेक आईच्या आधी जन्मली?” भाऊ ओरडला.

“यादी तारखेने लावून छापली, म्हणून यांची ओळ वर आली. साखळीने लावा, ती सगळ्यांच्या मागून येते. घड्याळ मागे नेता आलं, पण नऊचा क्रमांक पाचला मिळणार कुठून? बोटं तुटली तेव्हा सोय नव्हतीच. ती तुम्ही नंतर घातलीत आणि दोष हिच्या माथी मारलात!”

“घड्याळ... चुकलं असेल.”

“बरं सोयीनं चुकतं तुमचं घड्याळ! पोलिसांना सांगा.”

ताई कागद घडी करू लागली, तोच बाईने तो ओढून घेतला.

“पोलीस नंतर. आधी माझ्या दिराकडे चला. मी बोलले की तो भिंतीकडे तोंड फिरवतो. तुम्ही वाचून दाखवा. मी दाराबाहेर थांबते.”