नानांचा सिग्नल

ही घटना शंभर टक्के खरी आहे. थाप मारायला थोडी तरी कल्पनाशक्ती लागते, आणि ती आमच्या जावईबापूंकडे, म्हणजे ताईच्या नवऱ्याकडे, नाही.

मंगळवारची भर दुपार. रेडिओचे बोर्ड बनवणाऱ्या कंपनीची लॅब.

काम म्हटलं तर साधं. बोर्डवरच्या एफपीजीएच्या, म्हणजे कोड भरू तशी चालणाऱ्या चिपच्या, एका पिनवर सिग्नल आणायचा, म्हणजे त्यावर बाहेरचा अँप्लिफायर चालू-बंद होईल. संध्याकाळी क्लायंट येणार होता. जमलं तर जावईबापू नोकरीत कायम, नाहीतर ताईच्या डोक्यावर.

हे काम आधी कंपनीतले जुने इंजिनिअर नाना करायचे. गेल्या महिन्यात ते वारले. जावईबापूंनी लगेच त्यांचा सगळा कोड पुसला. "म्हाताऱ्याचा कचरा," म्हणाले, आणि स्वतःचे दिवे पाजळले.

पिन मात्र ढिम्म.

पिनचा नंबर तपासला. वायर बदलली. चिपमध्ये कोड पुन्हा भरला. सिग्नल दाखवणाऱ्या स्कोपच्या पडद्यावर सरळ रेघ, म्हणजे सिग्नल नाहीच. मग जावईबापूंनी नानांना मनसोक्त शिव्या घातल्या. नाना जिवंत असताना यांची त्यांच्यापुढे दातखीळ बसायची.

तेवढ्यात...

रेघ हलली.

टेस्टिंगच्या मॅडम वाकून बघू लागल्या. "अहो, हा तर नानांचा सिग्नल. दोन लांब, एक आखूड."

"तो मी पुसलाय, मॅडम."

"मग हा येतोय कुठून?"

जावईबापूंनी बोर्डची पॉवर काढली. बोर्डवरचे दिवे विझले.

रेघ नाचतच होती...

मॅडम गुपचूप उठून दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. शहाणी बाई. आमच्या रत्नाने काय करावं? पॉवर परत लावली आणि केस विंचरले. सिग्नल आल्याशी मतलब!

क्लायंट आला. बघून खूश झाला. "वा! कोणी केलं हे?"

"मीच."

रेघ सपाट.

"काय झालं?" कंपनीचे साहेब ओरडले. जावईबापूंना दरदरून घाम फुटला.

"नानांनी..." ते पुटपुटले. "नानांनी केलंय."

रेघ पुन्हा नाचू लागली.

साहेबांनी बोर्ड ठेवून घेतला आणि जावईबापूंना घरी पाठवलं. ऐकून मी पोट धरून हसलो. बरी जिरली!

परवा ताईकडे गेलो होतो. जावईबापू सोफ्यावर पसरले होते. वर बोट दाखवून म्हणाले, "हा पंखा मीच दुरुस्त केला."

पंखा थांबला...

लाईट होती. ट्यूब चालू होती.

ताईने वर पाहिलंसुद्धा नाही. कपात चहा ओतता ओतता, रोजचंच असल्यासारखं म्हणाली, "चुकलं त्यांचं, नाना."

पंखा फिरायला लागला.

मी चहा अर्धाच टाकून निघालो. ताई अजून त्याच घरात राहते, आणि मला आता हसू येत नाही.