बाबांच्या ताटातलं उष्टं

ही गोष्ट खरी आहे. पटली तर वाचा, नाहीतर पुढे सरका. मला भांडायची हौस नाही.

जिच्या घरात हे घडलं ती संपदा माझी सख्खी मावसबहीण. आम्ही दोघी बनारसच्याच. तिचं घर संकठा घाटाच्या वरच्या गलीत, माझं तिथून दोन गल्ल्या सोडून. तेव्हा हे कुणाच्या तोंडून कुणाच्या कानी आलेलं नाही. तिने जे पाहिलं ते मला सांगितलं, आणि एक गोष्ट मी स्वतः माझ्या नाकाने हुंगलेली आहे, एक डोळ्यांनी पाहिलेली आहे.

आधीच सांगते, यात रात्र नाही. अमावस्या नाही, पांढरी साडी नाही. सगळं भर दुपारी घडलं.

जेवणाच्या वेळी.

जेवत असाल तर ताट बाजूला ठेवा.

तारीख एकोणीस मे, दोन हजार चोवीस. दुपारचा सव्वा वाजलेला. जागा म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेकडची एक डोंगराळ सडक. दोन्ही बाजूंना दगडी कठडे, पलीकडे मेंढ्या, माणूस म्हणून कुणी नाही.

संपदाचा दीर सुमंत तिकडे नोकरीला. त्याने भाड्याने मोठी गाडी घेतली आणि सगळ्यांना आठ दिवस इंग्लंड फिरवायला काढलं. संपदा, तिचा नवरा देवव्रत, पंधरा वर्षांची मुलगी रुचा आणि संपदाचे सासरे शरदशास्त्री. त्यांना घरात सगळे बाबा म्हणत.

प्रवासात माणूस शिकतो म्हणतात. संपदाही शिकली. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. मे महिन्यातही स्वेटर लागतो. संडासात पाणी नसतं, तेव्हा पर्समध्ये रिकामी बाटली ठेवावी. "शी गं, कशी राहतात ही माणसं!" असं मला फोनवर म्हणाली होती. आम्ही पोट धरून हसलो होतो.

आता हसू येत नाही.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. शिंदे घाटावर पन्नास वर्षं त्यांनी श्राद्धं चालवली. नागपूर, सोलापूर, इंदूर, कुठूनही मराठी यजमान आला की बाबांकडेच. सोवळं फार कडक नव्हतं हो, नाहीतर विमानात बसले असते का? पण उष्टं मात्र त्यांना खपत नसे. कुणी पेल्याला ओठ लावून पाणी प्यायलं तर तो पेला पुन्हा घासायला जायचा. नातीने चाखलेली खीर पुढे आली तर पानावरून उठायचे.

बाहेरचंही खात नसत. म्हणून संपदा रोज पहाटे, मुक्काम असेल तिथे, भात टाकायची, दशम्या भाजायची, डबे भरायची. दुपारी सुमंत रस्त्याकडेला गाडी लावायचा आणि मंडळी कठड्यावर बसून जेवायची.

त्या दिवशी गाडी थांबली तिथे एक लोखंडी खांब होता. खांबाला प्लास्टिकात गुंडाळलेला फुलांचा गुच्छ बांधलेला. फुलं कधीच कुजून गेली होती. आत नुसता काळा चिखल, आणि त्यात दोन बिनशंखाच्या गोगलगाया सरपटत होत्या.

"ईऽऽ! पापा, यहाँ नहीं ना," रुचा म्हणाली.

"हे काय बांधलंय?" बाबांनी विचारलं.

"अपघातात कुणी गेलं की त्या जागी फुलं बांधतात, बाबा," सुमंत म्हणाला.

"फुलं बांधतात. आणि जेवू कोण घालतं?"

"इकडे नसतं तसलं काही."

बाबांनी डबा उघडला. मग त्यांनी आपल्या दहीभातातला पहिला घास काढून कठड्यावर ठेवला. भोवती पाणी फिरवलं, हात जोडले. घाटावर प्रत्येक श्राद्धात एक पिंड असतोच, ज्यांना मागे कुणी नाही अशांसाठी. हाताला सवय झालेली.

"ज्याला कुणी नाही त्याने यावं. जेवावं," बाबा म्हणाले.

चांगलंच केलं म्हणाल. मीही तेच म्हणाले असते. पण बोलावलेल्याला शेवटी विचारायचं असतं, तृप्त झालात ना? मग निरोप द्यायचा असतो. पन्नास वर्षांत बाबा हे एकदाही विसरले नव्हते.

नेमका पाऊस आला. मागून एक टँकर येऊन भोंगा वाजवत राहिला, यांची गाडी अर्धी रस्त्यात होती ना. "बाबा, चला, चला!" म्हणत सुमंतने त्यांना दंडाला धरून गाडीत बसवलं.

निरोप राहिला.

संपदाने मागच्या काचेतून पाहिलं. घास तसाच होता. एकही पाखरू जवळ आलं नव्हतं...

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा उघडला. वरचीच दशमी खाल्लेली.

तोडलेली नाही. चावलेली. कडा ओल्या, आणि संपदाने ती उचलली तर लाळेची तार लांबत खाली आली.

"रुचा!"

"मम्मी, कसम से! मैंने छुआ भी नहीं!"

सगळ्यांनी तिलाच बोल लावला. संपदाने दशम्या टाकल्या, हात तीनदा धुतले. बाबा त्या दिवशी चिवड्यावर राहिले.

तिसऱ्या दिवशी संपदाने बाबांचा डबा वेगळा भरला. वर रबर लावलं आणि मांडीवर घेऊन बसली. चार तास डबा तिच्या मांडीवरून हलला नाही.

उघडला... आणि आतून भपकारा आला.

भाताच्या मधोमध खड्डा होता. खड्ड्यात चघळून थुंकलेला गोळा. बाकी सगळ्यांचे डबे स्वच्छ.

"केळी घ्या बाबा," देवव्रत म्हणाला. "सालीतल्या वस्तूला कोण तोंड लावणार?"

बाबांनी केळं घेतलं. साल अख्खी, कुठे चीर नाही. त्यांनी सोललं.

आत दातांच्या खुणा होत्या.

बाबांनी केळं खाली ठेवलं आणि ते रस्त्याकडे बघत बसले. "चूक माझी आहे," एवढंच म्हणाले. राहिलेले दिवस त्यांनी पाण्यावर काढले. संपदाला वाटलं, एकदाचं घर गाठू, मग बघू. आपली काशी, आपला विश्वनाथ. परदेशातलं भूत इथे काय करणार?

घरी आल्यावर चार दिवस ठीक गेले. बाबा पोटभर जेवले. संपदाने संकठादेवीला नारळ फोडला.

पाचव्या दिवशी, जूनची दुपार, बाहेर लू, म्हणजे आमच्याकडचा भाजून काढणारा वारा, चाललेली. दारं-खिडक्या बंद. बाबा पाटावर बसले. संपदाने वरणभात वाढला, तूप घातलं. बाबांनी ताटाभोवती पाणी फिरवलं आणि हात पुढे केला.

त्याआधीच...

भाताच्या मुदीत चार बोटं रुतली. बोटं दिसली नाहीत. खड्डे दिसले.

मग आवाज आला. बाबांच्या डाव्या बाजूने, जमिनीलगत.

मच... मच... मच...

तोंड उघडं ठेवून जेवणाऱ्याचा आवाज असतो ना, तोच. संपदाला तिथेच उलटी झाली.

मी दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा आवाज नव्हता. पण त्या खोलीत वास होता. उशीवर सुकलेल्या लाळेचा वास कसा असतो? तसा, पण दसपट. मी नाकाला पदर लावून बाहेर आले. खोटं कशाला बोलू, त्या घरचा चहा मी घेतला नाही, आणि संपदा माझ्या भरलेल्या कपाकडे नुसती बघत राहिली.

तेव्हापासून तिचा एकच ध्यास. बाबांच्या पोटात चार घास गेले पाहिजेत. ती बँकेत नोकरीला, तिथून दुपारची सुट्टी काढून घरी यायची. काय काय केलं म्हणून सांगू! पातेल्यातून थेट पळीने भरवलं. दूध दिलं, तर दुधावर थुंकीचे बुडबुडे. एकदा तिने गरम शिऱ्याचा घास चिमटीत धरून एकदम त्यांच्या तोंडात घातला. म्हटलं, आता कसं मधे येतं बघू.

बाबांनी घास तोंडात धरला. त्यांचे डोळे भरले.

"संपदा... हे आधीच चावलेलं आहे गं."

थुंकले आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

डॉक्टर म्हणाले घसा चांगला, पोट चांगलं, वय झालंय. सलाइन लावलं की दोन दिवस बरे दिसायचे. पण सलाइनवर माणूस किती दिवस काढणार?

मग संपदाने दुसरं ताट मांडलं. बाबांच्या डावीकडे, पाट-पाण्यासकट. त्यालाच वाढलं आधी, हात जोडले. "बाबारे, हे तुझं. पोटभर जेव, पण यांच्या ताटाला हात लावू नकोस."

ते ताट संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं. माशीसुद्धा बसली नाही.

आणि बाबांचं ताट चाटूनपुसून...

"मी बोलावलं ना," बाबा म्हणाले. "मग ते माझ्याच पानावर बसणार."

श्रावणात सुमंतचा फोन आला. तो मुद्दाम पाच तास गाडी हाकत त्या जागी गेला होता. रडत होता.

"वहिनी, घास अजून तिथेच आहे."

"काय?"

"कठड्यावर. ताजा आहे. दही सुकलेलं नाही. तीन महिने झाले, पाऊस पडला... त्याने तो खाल्लाच नाही, वहिनी."

बाबांनी फोन मागून घेतला. सुमंतला म्हणाले, "तिथे उभा राहून विचार, तृप्त झालात का? मग म्हण, आता जावं." सुमंतने मोडक्यातोडक्या संस्कृतात विचारलं, मराठीत विचारलं, शेवटी इंग्रजीत विचारलं. फोन स्पीकरवर होता. पलीकडे नुसता वारा.

उत्तर इकडे आलं. बाबांच्या खाटेशेजारी.

एकेक बोट चोखल्याचा आवाज... पाच वेळा.

बाबा मार्गशीर्षात गेले. जाताना अडतीस किलो होते. शेवटच्या सकाळी शुद्धीत होते. संपदाचा हात धरून म्हणाले, "मुगाची खिचडी कर. वर कच्चं तेल घाल. खावीशी वाटते." तिने केली. रडत रडत केली. ताट घेऊन आली, झाकण काढलं, आणि पुन्हा झाकण ठेवून तशीच मोरीत नेऊन ओतली. बाबांनी विचारलं नाही. वासावरून त्यांना कळलंच असणार.

दुपारी गेले.

वाईट वाटलं, पण मनात आलं, सुटले बिचारे. मीच नाही, सगळ्या गलीला तसं वाटलं. देहच नाही तर भूक कसली?

दहाव्या दिवशी देवव्रतने घाटावर पिंड ठेवला. मी आणि संपदा वरच्या पायरीवर उभ्या होतो. कावळ्यांना तिथे तोटा नाही. दहा-बारा जण समोरच्या होडीच्या काठावर ओळीने बसले होते.

एकही पुढे येईना.

"रुचाचं शिक्षण करीन, बाबा," देवव्रत हात जोडून म्हणाला. "सुमंतला अंतर देणार नाही." गुरुजी म्हणाले, अजून काही इच्छा असेल तर आठवा. सगळं कबूल केलं. घर, देव, पोथ्या... अर्धा तास गेला. कावळे नुसते बघत होते.

मी संपदाकडे पाहिलं. तिच्या तोंडाचा रंग उतरला होता.

"ऐकतेस?" ती म्हणाली.

मला काही ऐकू आलं नाही, देवाशपथ. मला दिसलं. भाताचा पिंड वरून खचला. मग बाजूने. आणि दर्भावरून काहीतरी चिकट, लांब, खाली ओघळलं.

"कुत्र्याने तोंड घातलं वाटतं," गुरुजी म्हणाले. कुत्रं कुठेच नव्हतं. त्यांनाही ते माहीत होतं, कारण त्यांनी घाईघाईने दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला आणि दक्षिणा न मोजता निघून गेले.

पन्नास वर्षं त्या माणसाने लोकांच्या मेलेल्यांना जेवू घातलं. ज्यांना कुणी नाही त्यांनासुद्धा.

वर्षश्राद्धालाही तेच झालं. देवव्रत गयेला जाऊन आला, तिथेही तेच. घरात आता वास नाही, आवाज नाही, संपदा-रुचा नीट जेवतात. त्यांना कसलाच त्रास नाही. ते बाबांच्याच पानावर आहे.

परवा संपदा माझ्याकडे आली होती. बसली, चहा प्यायली, इकडचं तिकडचं बोलली. मग एकदम म्हणाली, "ताई, रोज स्वयंपाक करताना वाटतं, बाबा दारात उभे आहेत. भुकेले. त्यांच्यापर्यंत पोचेल असा एक घास कसा घालायचा, सांग ना."

मी कपबशा उचलून आत गेले.