दरीवर थांबलेला डबा

नऊ वर्षं ती रोपवेच्या डब्यावर चालक होती. माणसं चढली की दार लावायचं, वजनाचा काटा बघायचा, बेल द्यायची. त्या सकाळी डब्यात पाचच प्रवासी होते: एक ठेकेदार, एक निवृत्त मास्तर, आणि एक आई, तिच्या दोन मुलींसह. काटा तीनशे बारावर होता.

दरीच्या मधोमध डबा गचका खाऊन थांबला. बघता बघता धुक्याने काचा पांढऱ्याफटक केल्या.

"मोटर बसलीय," फोनवर मेकॅनिक म्हणाला. "तासभर लागेल. सांभाळून घे."

दहा मिनिटांतच मोठ्यांचा धीर सुटला. ठेकेदार एकेकाला कोर्टात खेचायच्या गोष्टी करू लागला. मास्तर घड्याळावरून नजर काढेनात. आई रडकुंडीला आली. मुली थोडा वेळ किरकिरल्या, मग दाराशी फतकल मारून बसल्या आणि काचेला तोंड लावून कुजबुजू लागल्या. धाकटी तर चक्क खुदखुदत होती.

"कुणाशी बोलतेयस गं?" चालकबाईने विचारलं.

"बाहेरच्या मुलीशी. तिच्या घरचे पुढे गेले. ती राहिली."

"गप्प बस!" आई ओरडली.

चालकबाईने बाहीने काच पुसली. बाहेर नुसतं पांढरं.

इतक्यात ठेकेदार उठला. घामाने डबडबलेला. "मला श्वास घेता येत नाहीये," म्हणत त्याने दाराचा दांडा धरला.

"साहेब, खाली दरी आहे!" चालकबाई त्याच्या हाताला लोंबकळलीच.

"हळू उघडा हं काका," थोरली शांतपणे म्हणाली. "ती दाराला टेकलीय."

दार वीतभर सरकलं. गार वाफ पायांना चाटून गेली. चालकबाईने जिवाच्या आकांताने दार ओढून लावलं.

मुली उठून बाकावर बसल्या. मध्ये जागा ठेवून.

डबा किंचित कलला.

काटा तीनशे चौतीसवर गेला. धाकटीचं वजन असेल, तेवढा वर. चालकबाईने काट्याच्या काचेवर टिचकी मारून पाहिली. काटा हलला नाही.

तासाभराने डबा खालच्या स्थानकाला लागला. फलाटावर पाय टेकताच मोठ्यांना कंठ फुटला. ठेकेदार तर हसत सगळ्यांना चहाचं आमंत्रण देऊ लागला. आई मात्र थांबली नाही.

चालकबाई कठड्याशी उभी राहून खाली वाहनतळाकडे बघत राहिली. आईने दोन्ही मुलींना गाडीत मागे बसवलं, दोन खिडक्यांशी. थोरलीचा पट्टा लावला, धाकटीचा लावला. मग आत वाकून तिने मधल्या रिकाम्या जागेचा पट्टाही ओढला, लावला, आणि घट्ट बसलाय ना, हे दोनदा ओढून बघितलं.