कॉर्नरवर साचलेलं पाणी

“गोऽऽल!” अश्विन ओरडला खरा, पण चेंडू गोलपर्यंत पोचलाच नव्हता. कॉर्नरच्या झेंड्यापाशी तो फच्चकन् चिखलात रुतून बसला होता!

“इथंच काऊन पानी साचते बे?” सायमाने बूट झटकले. “बाकी मैदान तं कोरडं ठणठणीत!”

दिवाळीच्या सुट्टीत सायमा ऊर्जानगरला तिच्या नानांकडे आली होती. नाना, म्हणजे नूर मोहम्मद, नव्या फुटबॉल स्टेडियमचे माळी. आणि काय ते स्टेडियम! वीस हजार निळ्या खुर्च्या, दिव्यांचे चार उंच मनोरे आणि मधोमध हिरवंगार मैदान. जानेवारीत इथे सहा देशांच्या मुलींचे संघ उतरणार होते. नाना पहाटेची नमाज झाली की आधी या गवतावरून हात फिरवून यायचे, मगच चहाला बसायचे.

“ए पोट्टेहो, व्हा बाहेर!” सुपरवायझर पोचूभाऊ तणतणत आले. “पाह्यला तलाव? हे तुझ्या नानाचे प्रताप! म्हातारा नळ सुरू ठेवून झोपा काढते. चार वाजता दीपाली मॅडम येऊन राह्यल्या. त्याहिले सांगून आजच याची सुट्टी करतो!”

नाना मागेच उभे होते. ते वाकून चिखलात आडवं झालेलं गवत सरळ करू लागले. सायमाचा मात्र संतापाने नुसता तिळपापड झाला. चाळीस वर्षं झाडांना जीव लावलेला माणूस नळ उघडा टाकून झोपेल? शक्यच नाही!

“चार वाजेपर्यंत शोधून काढायचं,” तिने मित्रांना सांगितलं.

अश्विन वसाहतीतलाच, भारी डोकेबाज. त्याने दोन बादल्या भरून आणल्या. एक मैदानाच्या मधोमध ओतली. पाणी बघता बघता गडप! दुसरी कॉर्नरवर ओतली. पाणी तिथेच, ढिम्म!

“म्हंजे नळाचा काई संबंध नाई!” अश्विनने उडीच मारली. “इथलं पानी खालीच जात नाई!”

तिसरी सोमारी. कुरखेड्याकडची, तिची आई इथेच मजुरीला होती. सोमारीने चिखलात कोपरापर्यंत हात खुपसला आणि मूठभर माती वर काढली. मऊ, काळी, बोटांना चिकटणारी.

“हे तं आमच्या धानाच्या वावरातली, बांधीतली माती आहे,” ती पुटपुटली. “चिखल तुडवला का खालची माती घट्ट बसते. मंग पानी हालत नाई...”

तिने हातातली माती खाली टाकली. तिचा चेहरा पडला.

“काय झालं गं?”

“या कोपऱ्यातलं गवत माझ्या मायनं लावलं, सायमा. तिचं काम गेलं तं?”

सायमा पेचात पडली. एकीकडे नाना, दुसरीकडे सोमारीची आई! सोमारी मात्र उठली आणि मजुरांच्या शेडकडे पळाली.

ठीक चार वाजता इंजिनिअर दीपाली मॅडम आल्या. पोचूभाऊंनी तोंड उघडायच्या आत सायमा पुढे झाली. “मॅडम, दोन बादल्या पानी ओतून पाहाचं आहे. आमच्यावर भरोसा नसंन तं पोचूभाऊच ओततील!”

“ओततो ना! मले काय भीती?” पोचूभाऊ फुशारकीने पुढे आले. मधली बादली झर्रकन् जिरली. कॉर्नरची मात्र तशीच राहिली, आणि पोचूभाऊंचं तोंड उघडं ते उघडंच!

तेवढ्यात सोमारी आईचा हात धरून आली.

“बाई, चूक माझी हाये,” सोमारीची आई पदर मुठीत धरून म्हणाली. “पोचूभाऊ पोळ्याले घरी गेलते. कोपरा लावून टाका म्हने. इथी तं नुसती वाळू! वाळूत रोप जगंन का? म्हून आमी बायांनी बाजूच्या बांधीतून चौदा टोपल्या माती आनली, तुडवून चिखल केला अन् मंग रोवलं. धानाच्या रोवण्याच्या आंधी आमी असंच करतो. मले काहाडू नका, बाई!”

मॅडमनी तिचा हात हातात घेतला. “तुम्ही लावलेलं एकही रोप मेलं नाही. पाणी खाली जावं म्हणून ती वाळू टाकली होती, हे तुम्हाला सांगायला कुणीतरी हजर हवं होतं.” मग त्या पोचूभाऊंकडे वळल्या. “आणि न बघता ‘काम बरोबर झालं’ म्हणून सही कोणी केली?”

पोचूभाऊंनी मान खाली घातली. “म्या केली, मॅडम. नूरभाऊ, माफ करा. तुमच्यावर नाहक आळ घेतला.”

“कोपरा पुन्हा लावू,” मॅडम म्हणाल्या. “याच बाया लावतील, आणि नूरभाऊ सांगतील तसा! पोरांनो, शाब्बास! माझ्या लोकांना तीन आठवडे जे दिसलं नाही, ते तुम्ही एका दुपारी शोधलंत!”

आता नाना आपल्यालाच जवळ घेणार, असं सायमाला वाटलं. पण नाना सोमारीपुढे वाकले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“बेटा, माझ्यासाठी तू मायची रोजी पणाले लावली,” ते म्हणाले. “मी तं तुझा कोनी नाई.”

“सायमाचे नाना ना तुमी?” सोमारी म्हणाली. “मंग माझेबी!”

सायमाला रडूच कोसळलं. तिने सोमारीचा चिखलाने माखलेला हात घट्ट धरला आणि घर येईपर्यंत सोडलाच नाही.